लाल पट्ट्यावरचा पुठ्ठा

"उद्या हा पुठ्ठा माझ्या तोंडावर चिकटवा, म्हणजे सगळंच झाकलं जाईल," धाकटी पुटपुटली, शेजारच्या खुर्चीतल्या थोरलीलाच ऐकू जाईल अशा बेताने.

भाषांतराच्या त्या छोट्या कचेरीत नवा कॉम्प्युटर आल्यापासून मजकुराच्या डोक्यावर रोज एक लाल पट्टा उमटायचा: या प्रोग्रॅमची आपली प्रत विनापरवाना आहे. तो अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नजरेला पडू नये म्हणून दोघी जावांनी जुन्या फाइलचा पुठ्ठा कापून पडद्याच्या वरच्या कडेला डकवला होता. कारण परवान्याची की, म्हणजे तो चालू करायचा क्रमांक, अप्पांनीच आणली होती, कुठल्याशा स्वस्त वेबसाइटवरून, आणि आणली तेव्हा लढाई जिंकून आल्यासारखे दिवसभर मिरवले होते. ती चालेना तेव्हा विकणाऱ्याने दुसरी दिली, मग तिसरी. सगळ्यांना सगळं कळत होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

आज पुठ्ठ्याने भागणार नव्हतं. फाइल उघडत होती, वाचता येत होती, पण एक अक्षर इकडचं तिकडे होत नव्हतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली तर सगळे तक्ते विस्कटले. आणि बाहेर बाकावर एक बाई पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या ऑपरेशनचे कागद दूरच्या डॉक्टरांकडे आजच्या आज पोचायला हवे होते.

"जाऊबाई, त्या विकणाऱ्याचा मेसेज आलाय," धाकटी म्हणाली. "म्हणतो, एक फाइल पाठवतो ती चालवा, काम फत्ते. फक्त आधी अँटिव्हायरस बंद करा."

"म्हणजे मी घरात शिरतो, तुम्ही तेवढं कुत्रं बांधून ठेवा. उडव तो."

थोरलीने बाह्या सरसावल्या. कॉम्प्युटरची तारीख ठीक, इंटरनेट ठीक. मग दुखणं परवान्यातच. तिला जुना कॉम्प्युटर आठवला. त्यावरचा परवाना अस्सल होता, अप्पांनी रीतसर घेतलेला. यंत्र भंगारात गेलं म्हणजे परवानाही गेला, असं अप्पा धरून चालले आणि घरादाराने माना डोलावल्या. पण तो यंत्रात नव्हताच मुळी, प्रोग्रॅमच्या कंपनीकडे अप्पांच्या नावाने असलेल्या खात्यावर होता. नव्या यंत्रावर त्याच खात्यातून आत शिरायचं, एवढंच काम.

तिने खोटी की काढून टाकली, अप्पांचं खातं उघडायला घेतलं. पडदा म्हणाला, नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे.

मोबाइल अप्पांच्या खिशात होता आणि अप्पा आतल्या खोलीत.

"आता गं बाई?" धाकटीने आवाज खाली आणला. "सांगा, बँकेचा कोड आलाय म्हणून."

"खोटं बोलून कोड मागायचा, तर त्या विकणाऱ्याने काय वाईट केलं?" म्हणत थोरली उठली.

अप्पा हात लांब करून मोबाइल वाचत होते. "कसला गं हा आकडा?"

"तुमचा जुना परवाना नव्या कॉम्प्युटरवर आणतेय, अप्पा. धडधाकट आहे तो, कुठे गेला नाही." स्वस्तातली की खोटी निघाली, हे पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. तिने गिळलं. "कोड मला सांगू नका. कुणालाच सांगायचा नसतो. तुम्हीच येऊन टाका."

अप्पा आले. चष्मा पुसला, एका बोटाने आकडे दाबले. पुठ्ठ्याआडचा लाल पट्टा पुसला गेला. धाकटी कीबोर्डवर अशी तुटून पडली की अप्पांना खुर्ची मागे ओढावी लागली. पानं दुरुस्त झाली, गेली, पोचल्याचं उत्तर आलं. बाकावरच्या बाईंनी पहिल्यांदाच पर्स मांडीवरून खाली ठेवली.

अप्पा अजून पडद्यासमोरच बसले होते. "हा पुठ्ठा कशाला?"

"उजेड डोळ्यावर येतो, अप्पा," धाकटी घाईने म्हणाली. थोरलीने खिडकीकडे पाहिलं. खिडकी तर बसणाऱ्याच्या पाठीमागे होती.

अप्पांनी नखाने पुठ्ठ्याचा एक कोपरा उचकटला. तो मुकाट्याने सुटला. रोज सुटायची सवय असल्यासारखा.

"तुम्ही घरी गेलात की मी हा वर करून बघायचो," ते म्हणाले. "आज तरी तो लाल पट्टा गेला असेल म्हणून. मी फसलो, पोरींनो."