मागचं चाक आणि दहा उपास

कडेगावच्या माळावर जुन्या मोटारसायकलींची शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ होता. आकाराम मिस्त्री भरतेशची गाडी पुसत बसला होता. पुसायचं काही उरलं नव्हतं, पण हात स्वस्थ बसेनात. गेल्या वर्षी ह्याच माळावर, त्या समोरच्या उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली येताना मागचं चाक उसळलं आणि भरतेश हँडलवरून पुढं फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्याच्या आईनं, चंपाबाईंनी, गाडीचं नावच काढू दिलं नव्हतं. शेवटी आकारामनं आष्ट्याला त्यांच्या घरी जाऊन शब्द दिला, "मागचं चाक उसळणार न्हाई, अक्का. जबाबदारी माझी." तेव्हा कुठं त्या राजी झाल्या.

काम त्यानं जीव लावून केलं होतं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर शॉकअपसाठी पुढं-मागं तीन भोकं पाडली. श्रावणात भरतेशला बसवून मधलं भोक ठरवलं. तो बसला की गाडी मागं बरोबर चार बोटं दबायची; ते मोजायला सीटखाली खूण करून ठेवली होती. त्याहून कमी दबली तर चाक लाथ मारणार, हे ठरलेलं.

एवढ्यात चंपाबाई डबा घेऊन आल्या. "आवं मिस्त्री, बघितलासा का माझ्या लेकाला? पर्युषणात दहा उपास केले त्यानं. नुसत्या पाण्यावर! बस्तीत देवासमोर सत्कार झाला."

आकारामच्या हातातलं फडकं थांबलं. समोरून भरतेश येत होता. अंगातलं जॅकेट खांद्यावरून लोंबत होतं.

"किती उतरलास रं?"

"धा-अकरा किलो. का, मामा?"

"आन मला सांगायचं न्हाई?"

"उपास काय सांगत फिरायचे असत्यात व्हय?"

"बस गाडीवर."

भरतेश बसला. आकारामनं खुणेला बोटं लावली. तीन. चौथं बोट नुसतंच बाहेर राहिलं. स्प्रिंग तर आधीच होईल तेवढी सैल केली होती.

आता शॉकअप पुढच्या भोकात घेणं एवढंच हातात होतं. गाडी मऊ झाली असती, पण मग चाक पूर्वीपेक्षा वर येणार. मधल्या भोकावर त्यानं स्प्रिंग काढून, चाक पार वर उचलून, मडगार्डला लागत नाही ना ते पाहिलं होतं. पुढच्या भोकावर पाहिलंच नव्हतं. उडीनंतर खाली टेकताना टायर मडगार्डमध्ये अडकला, तर गेल्या वर्षीचं बरं म्हणायची पाळी.

भोंग्यावर नावं पुकारायला लागले. आकारामनं बोल्ट काढले, पुढच्या भोकात घातले, आवळले. पाना दोनदा निसटला. भरतेशला बसवलं. चार बोटं.

"अक्का, ह्याच्या मागं बसा."

"मी?"

"बसा आन दणके द्या खाली. लय जोरानं."

चंपाबाईंनी पदर खोचला, लेकाच्या खांद्याला धरून चढल्या. "मी काय उपास केले न्हाईत हां बाबा," त्या म्हणाल्या आणि दणका दिला. आकाराम मातीत आडवा होऊन चाकाकडं बघत होता. एक दणका, दुसरा. तिसऱ्याला पत्र्यावर टायर घासला. खर्र.

"उतरा!"

त्यानं मडगार्डच काढून टाकलं. वर तळहात जाईल एवढी जागा मोकळी झाली.

"मामा, सगळी माती पाठीवर येणार."

"येऊ दे."

चंपाबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या आता हसत नव्हत्या. "मिस्त्री, तुमी म्हणाल तसं. जाऊ दे का नको?"

नको म्हणणं सोपं होतं. आकारामनं भरतेशकडं पाहिलं, मग त्या चार बोटांच्या खुणेकडं.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

गाड्या सुटल्या. धुरळ्यातून भरतेशची गाडी कुठली ते कळेना. मग उंचवट्यावर ती एकटी वर चढली आणि हवेत गेली. मागचं चाक जमिनीला टेकलं. दबलं. दबतच गेलं. मग सावकाश वर आलं आणि गाडी सरळ पुढं निघून गेली.

चंपाबाईंनी हात जोडले. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष आकारामकडं गेलं. काढलेलं मडगार्ड त्यानं छातीशी धरलं होतं, इतकं घट्ट की पत्रा वाकला होता.

"आवं, ठेवा की खाली ते."

आकारामनं मान हलवली, पण ठेवलं नाही. अजून दोन फेऱ्या राहिल्या होत्या.