मुलींची वेळ

मिस हार्ग्रीव्हनी चहाची बशी उचलली आणि १९५३ सालावर ठेवली.

म्हणजे मुख्याध्यापिकांच्या रोजवहीच्या उघड्या पानावर. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वजन ठेवलं, असं कुणालाही वाटलं असतं. पण खिडकी बंद होती. इंग्लंडातल्या ॲकर्सलीत भर उन्हाळ्यात, जुलैतसुद्धा लोक खिडकी उघडायची म्हणजे आधी विचार करतात, आणि मिस हार्ग्रीव्ह इतरांपेक्षा जरा जास्तच विचार करत.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बेरिल सग्डन दोनला येते म्हणाली होती. दोन वाजायला सात-आठ मिनिटं होती. त्यात नवल नव्हतं. ॲकर्सली मुलींच्या हायस्कुलातून शिकून निघालेली बाई कुठंही वेळेवर पोचत नसे. लग्नाला, मयताला, दंतवैद्याकडे, सगळीकडे ती थोडी आधीच हजर होई आणि दारात उभं राहून इतरांना उशीर झाला असं मानी.

"मिस हार्ग्रीव्ह, सगळं वाचलं मी," बेरिल कोट काढायच्या आधीच म्हणाली. काखेत टंकलेल्या कागदांचा गठ्ठा होता, हातात केकचा डबा. "दोनदा वाचलं. केननंसुद्धा वाचलं. लग्नाच्या कागदावर सही करताना त्यानं शेवटचं काहीतरी वाचलं होतं, त्यानंतर हेच."

"चुका फार आहेत?"

"एकच. बसा आधी. चहा मी ओतते."

गठ्ठा म्हणजे शाळेचा इतिहास होता. बावीस जुलैला शाळा बंद व्हायची होती. सप्टेंबरपासून भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेत ती मिसळली जाणार होती. भिंत पाडायला माणसंही ठरली होती. माजी विद्यार्थिनींनी निरोपाचं पुस्तक काढायचं ठरवलं. बेरिल त्यांची अध्यक्ष, आणि तेवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झालेल्या मिस हार्ग्रीव्ह लेखिका. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा होता.

"लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरात एकेचाळीस मुलींनी शाळा सुरू झाली, ते आलंय," बेरिल बोटांवर मोजत म्हणाली. "टोप्या आल्यात. हातमोजे आलेत. युद्धात तळघरात लॅटिन चालायचं आणि डोक्यावर विमानं, ते तर फार छान. भिंतीवर दीड पान. मग घड्याळ कुठंय?"

मिस हार्ग्रीव्हनी चमचा कपात फिरवला. साखर त्या घेत नसत.

"जागा पुरली नाही."

"जागा? खडूच्या खोक्यांवर एक परिच्छेद आहे, मिस. सगळं गाव पहिल्यांदा घड्याळ शोधणार. खाटीक म्हणाला मला, घड्याळ असेल तरच दोन प्रती घेतो."

खाटकाचं म्हणणं गैर नव्हतं. १९२१ साली मुख्याध्यापिका मिस टेम्पेस्टनी सभागृहातलं मोठं घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलं होतं. मुलांची शाळा चारला सुटे. मुलींची शाळाही चारलाच सुटे, पण आपल्या घड्याळाच्या चारला. म्हणजे मुलं फाटकाबाहेर येईपर्यंत शेवटची मुलगी बसमध्ये बसून कोपऱ्यावरून वळलेली असे. भिंतीला जे जमलं नसतं ते दहा मिनिटांनी केलं. गावात दोन वेळा चालत. कुणी 'साडेपाचला ये' म्हटलं की दुसरा विचारी, "माणसांच्या का मुलींच्या?" मिस टेम्पेस्ट जाऊन वीस वर्षं झाली तरी काट्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मी लिहिते ते पान," बेरिल म्हणाली. "तुम्हाला कंटाळा असेल तर."

"कंटाळा नाही." मिस हार्ग्रीव्हनी कप खाली ठेवला, पण बशी वहीवर असल्यामुळे तो टेबलावरच टेकवावा लागला. "बेरिल, ते पान मला तुझ्यासमोर लिहिता येत नाही. तुझ्यामागेही येत नाही. चार वेळा लिहून फाडलं."

"माझं काय त्यात?"

"विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा पेपर. त्रेपन्न सालचा."

बेरिलनं केकवरची सुरी थांबवली.

"मी जानेवारीत आले होते. मे महिन्यात परीक्षा पहिल्यांदाच आपल्या सभागृहात होती, आणि देखरेख माझ्याकडे. प्रश्नपत्रिकांच्या लखोट्यावर लिहिलं होतं, बरोबर एक वाजता फोडावा. मी मंचावर उभी, घड्याळ माझ्या पाठीमागे. मनगटावरचं घड्याळ सकाळीच रेडिओवर लावून आणलेलं. त्यात बघून लखोटा फोडला. आणि चार वाजता..." त्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "चार वाजता मी सभागृहाच्या मागच्या टोकाला होते. समोर भिंतीवर ते भलंमोठं घड्याळ. चार महिन्यांत सवय लागली होती. त्यात चार वाजलेले दिसले आणि मी घंटा वाजवली."

"बरं मग?"

"बरं काय? सुरुवात माणसांच्या वेळेनं, शेवट मुलींच्या वेळेनं. तुझी दहा मिनिटं मी खाल्ली. रात्री जेवताना लक्षात आलं, घास तसाच राहिला. तू चार गुणांनी हुकलीस, बेरिल. चार! दहा मिनिटांत चार गुणांचं कुणीही लिहितं. घंटा वाजली तेव्हा तू मान वर करून त्या घड्याळाकडेच बघत होतीस. एक शब्द बोलली नाहीस. अजून दिसतं मला ते."

तिथल्या मुली तक्रार करत नसत, हे खरं होतं. तक्रार न करणं हा त्या शाळेत शिकवला जाणारा बहुधा सगळ्यात पक्का विषय होता. मिस हार्ग्रीव्हही तो लवकरच शिकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिस टेम्पेस्टच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दार बंद होतं, आणि त्यांनी ते वाजवलं नाही.

बेरिल खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायचं धाडस न झाल्यामुळे मिस हार्ग्रीव्ह केककडे बघत राहिल्या.

"पेपर सुटल्यावर तुम्ही कुठं होता, मिस?"

"तिथंच. उत्तरपत्रिका मोजत, लाख लावत. पाच वाजले."

"म्हणजे रस्ता तुम्ही बघितलाच नाही." बेरिलचा आवाज विचित्र येत होता. "आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत कुणी बोललं नाही?"

"मी त्या आठवड्यात त्या खोलीत गेलेच नाही. घड्याळाचा विषय निघेल म्हणून."

"अगंबाई!" बेरिल म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला, पण हसू हाताला आवरलं नाही, बोटांच्या फटीतून बाहेर आलं. "मिस, घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं! शिपाई गॉन्ट आठवतो? लाल नाकाचा? जेवणाच्या सुट्टीत शिडीवर चढून त्यानं काटा मागे घेतला. आम्ही सहाजणी दारातून बघत होतो. म्हणाला, 'सरकारी परीक्षा आहे पोरींनो, ती देवाच्या वेळेनंच व्हायची.' त्या दिवशी जेवणाची सुट्टी दहा मिनिटं जास्त मिळाली म्हणून सगळी शाळा खूश!"

"तुला नीट आठवतंय?"

"मला? अहो, माझा संसार त्यावर उभा आहे! आमचं घड्याळ बरोबर म्हणजे आम्ही सुटलो खऱ्या चारला. चारशे मुली या फाटकातून आणि तीनशे पोरं त्या फाटकातून, एकाच वेळी, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. बसथांब्यावर नुसती जत्रा. माझी टोपी उडाली, ती एका लांबड्या पोरानं पकडली. हातात धरून उभा. म्हणतो कसा, 'तुम्ही खरंच असता होय? आम्हाला वाटायचं भिंतीपलीकडे नुसतंच गाणं वाजवतात.'"

"केन."

"दुसरं कोण? अजूनही तसाच वेंधळा उभा राहतो, हातात काही दिलं की."

मिस हार्ग्रीव्हनी बशी उचलली. खाली ओला तपकिरी गोल उमटला होता. गुरुवार, सात मे. 'शिष्यवृत्तीची परीक्षा प्रथमच आपल्या सभागृहात.' या पुस्तकासाठी त्यांनी ते पान निदान वीस वेळा उघडलं होतं, आणि वीसही वेळा या ओळीशी पोचून मिटलं होतं. खालची ओळ त्याच गोलात होती. 'चार वाजता बसथांब्यावर अत्यंत अशोभनीय प्रकार. गॉन्टला बोलावून समज दिली. पुढील वर्षापासून परीक्षा नगरभवनात.'

त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. उभ्या आयुष्यात मुलींना त्या एकच गोष्ट बजावत आल्या होत्या: कागद शेवटपर्यंत वाचा.

"आणि ते चार गुण?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते माझे मीच घालवले. तिसऱ्या प्रश्नात दोन राजांची अदलाबदल केली. ज्याचं डोकं उडवायचं त्याला गादीवर बसवलं. पुढचा प्रश्न येतच नव्हता. साडेतीनला पेन खाली ठेवलं, मिस. अर्धा तास घड्याळाकडे बघत होते, ते कधी एकदाचे चार वाजतात म्हणून!"

मिस हार्ग्रीव्ह उठल्या, आणि काहीही विचार न करता खिडकी उघडली. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापणं चाललं होतं. ओल्या गवताचा वास आत आला, टंकलेले कागद फडफडले, वरची दोन पानं जमिनीवर गेली. त्यांनी ती जाऊ दिली. बेरिलला त्यांची पाठ दिसत होती. ती थोडी हलत होती, पण रडण्यानं का हसण्यानं ते पाठीवरून ठरवता येत नव्हतं.

वळल्या तेव्हा डोळे ओले होते, आणि वयानं दहाएक वर्षं उतरल्यासारखा चेहरा झाला होता.

"केक काप," त्या म्हणाल्या. "मोठा काप."

बेरिलनं कापला. दोघींनी खाल्ला. खाताखाता बेरिल मंदावली. काहीतरी जुळवत होती. तिच्या लोकरीच्या दुकानात उरलेल्या लडी मोजताना ती असंच तोंड करी.

"मिस, दर सप्टेंबरला ॲपल पाय भाजून पाठवता तुम्ही. मी दुकान काढल्यापासून."

"हो."

"आणि लोकर नेता. दर महिन्याला."

मिस हार्ग्रीव्हनी मागच्या कपाटाकडे बघायचं टाळलं, आणि त्यामुळेच बेरिलनं तिकडे बघितलं. उठून तिनं कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत लोकर. निळी, करडी, लाल. कागदी पट्टासुद्धा न काढलेली. एक लड निसटून तिच्या पायाशी आली.

"तुम्हाला विणता येतं का?"

"नाही."

"आणि माझ्या जिलची शनिवारची शिकवणी. एक पेनी न घेता, दोन वर्षं. ती सांगते, मिस तासावर दहा मिनिटं जास्त शिकवतात." बेरिलनं लड उचलून परत जागेवर ठेवली. पाठमोरीच म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला मी आवडते."

मिस हार्ग्रीव्हनी तोंड उघडलं. तेवीस वर्षं त्यांनी राजांचे हेतू फळ्यावर क्रमवार मांडले होते: कारण एक, कारण दोन, कारण तीन. आत्ता एकही क्रमांक सुचेना.

"म्हणजे आता फिटलं सगळं," बेरिल हसत म्हणाली, पण हसू थोडं तोकडं पडलं. "सोमवारी कागद छापखान्यात, आणि शनिवारची सुट्टी तुम्हाला. जिलला सांगते मी."

तेवढ्यात फाटक वाजलं. तीन वाजायला सात-आठ मिनिटं होती. सतरा वर्षांची जिल सग्डन दप्तर घेऊन आत आली, आईला म्हणाली, "तू अजून इथंच? बाबा दुकानात बसलाय आणि बायका त्याला टाके विचारतायत," आणि बेरिल घाईघाईनं कोट घालून निघाली. दारात क्षणभर थांबली. मिस हार्ग्रीव्हनी केकचा डबा तिच्या हातात दिला, मग परत घेतला.

"हा राहू दे. पुढच्या शनिवारी घेऊन जा. पोरीला आणायला येशील तेव्हा."

"ती एकटी येते, मिस. सतरा वर्षांची आहे."

"तरी ये."

तास नेहमीसारखा झाला. जिलनं निबंध वाचला, मिस हार्ग्रीव्हनी तीन ठिकाणी थांबवलं. चार वाजले. मनगटाकडे बघून त्या म्हणाल्या, "झालं. आजचं पुरे."

जिल हलली नाही. तिनं वही मिटली, पेनाला टोपण लावलं, पाय खुर्चीवर घेतले आणि केकच्या डब्याकडे हात लांबवला.

"अजून दहा मिनिटं आहेत ना?" ती म्हणाली. "तासात तुम्ही परीक्षेचं सांगता. मजेचं सगळं दहा मिनिटांत असतं. मी त्यासाठीच येते."

मिस हार्ग्रीव्हनी तिच्याकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी बशीत पालथं ठेवलं, कोरा कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"बस तर," त्या म्हणाल्या. "एक लाल नाकाचा शिपाई होता."