वारा खाणारी गाडी

पन्नासाव्या वाढदिवसाला डॉक्टरीणबाईंनी स्वतःच स्वतःला एक गाडी घेतली. लाल, बसकी, दोनच सीटची आणि अठ्ठावीस वर्षांची. बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर अशा एखाद्या जागी बसावंसं वाटतं, जिथे समोर कुणी आ वासून बसलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"दोनच सीट?" नवऱ्याने विचारलं.

"दोन पुष्कळ झाल्या," सासरे म्हणाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

रस्त्याला लागली की गाडी लोण्यासारखी पळायची. पण सिग्नलला थांबली, की तिला हुडहुडी भरायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली जायचा, दचकून वर यायचा, पुन्हा खाली. आरसा इतका थरथरायचा की मागच्या एका ट्रकचे दोन दिसायचे. मग एक उचकी, आणि सगळं गप्प. एकदा त्या मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "पेट्रोल संपलं का, काकू?" गाडी बंद पडण्यापेक्षा त्या 'काकू'नेच बाई जास्त खचल्या.

मेकॅनिक ओळखीचा होता, हाताने चांगला होता. त्याने प्लग बदलले. मग प्लगच्या वायरी बदलल्या. मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून धुतले. दर वेळी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गुणी मुलीसारखी जायची आणि पहिल्याच सिग्नलला अंगात आल्यासारखी हलायची. दोन महिन्यांनी तो डोकं खाजवत म्हणाला, "आता गाडीचा कॉम्प्युटरच बदलून बघू."

"थांबा," बाई म्हणाल्या. "पेशंट दाढ दुखतेय म्हणून आला, तर मी एकेक दात उपटून बघत बसते का, आता थांबलं का दुखायचं म्हणून?"

मेकॅनिक रागावला नाही. हात पुसत म्हणाला, "बरोबर आहे, डॉक्टर. रविवारी घरी येतो. काहीही बदलणार नाही. फक्त बघणार."

रविवारी सकाळी तो आला. बॉनेट उघडून, इंजिन चालू करून, बराच वेळ कान देऊन उभा राहिला. सासरे त्याच्या शेजारी तसेच कान देऊन उभे. गाडी आल्यापासून तिच्यावर घरात सगळ्यात जास्त जीव त्यांचाच होता. रोज सकाळी शेडचं दार लावून घेऊन तासभर तिला पुसत बसायचे.

"वारा खातेय," शेवटी मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे?"

"आत जाणारी हवा या तोंडाशी मोजली जाते, आणि त्या मापाने पेट्रोल सुटतं. पण कुठेतरी चीर आहे. तिथून चोरटी हवा शिरते. तिचा हिशेबच नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं. पळताना एवढी हवा लागते की चोरी खपून जाते. थांबली की उघडी पडते."

"मग चीर शोधा ना."

"डोळ्याने दिसायची नाही. धूर सोडायला हवा आत. जिथून बाहेर येईल तिथे चीर. पण धुराचं मशीन नाही माझ्याकडे."

नवऱ्याला हे ऐकून स्फुरण चढलं. त्याने झाकणाच्या डब्यात ओलसर वर्तमानपत्र पेटवलं, झाकणाला भोक पाडून नळी बसवली आणि सायकलच्या पंपाने हवा मारायला लागला. धूर शेडमध्ये गेला, स्वयंपाकघरात गेला, वाळत घातलेल्या चादरींत गेला. फक्त इंजिनात गेला नाही. समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "बंब बोलवू का?"

"नको!" खोकत खोकत तिघेही ओरडले.

सासरे ओरडले नव्हते. ते गाडीच्या मागे जाऊन उभे होते, आणि चेहऱ्यावरून काहीतरी अवघड ठरवत असावेत. मग त्यांनी डिकी उघडली, जादा चाक उचललं आणि त्याखालून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. डब्यात नऊ चिरूट होते.

चार वर्षांपूर्वी सुनेनेच त्यांचा चिरूट सोडवला होता. तेव्हापासून त्या दर महिन्याला त्यांचे दात तपासत आणि दवाखान्यात येईल त्याला सांगत, "आमच्या सासऱ्यांकडे बघा. सोडल्यापासून एक डाग नाही!"

"बाबा," बाई म्हणाल्या. "पण डाग कसा नाही?"

सासऱ्यांनी नेहमीच्या सवयीने तोंडातली कवळी काढली, रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि चिरूट पेटवला.

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या त्यांनीच करून दिल्या होत्या.

मेकॅनिकला मात्र या घरगुती प्रकरणात रस नव्हता. त्याने इंजिन बंद करून हवेचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधलं, एक बारीक नळी मोकळी करून सासऱ्यांच्या हातात दिली आणि टॉर्च घेऊन वाकला. सासऱ्यांनी झुरका घेतला, गाल फुगवले आणि नळीत फुंकलं. पुन्हा झुरका, पुन्हा फुंकर. चार वर्षांच्या सरावाचं चीज होत होतं.

"फापडली का?" त्यांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"अजून नाही. मारा, काका."

पाचव्या फुंकरीला इंजिनाच्या पार खालून, कुणाचा हातही नीट पोचणार नाही अशा जागेवरून, धुराची एक बारीक दोरी सरळ वर आली. मेकॅनिकने दोन बोटं घालून अंगठ्याएवढी रबराची वाकडी नळी ओढून काढली. वरून धडधाकट. उलटी करून दाबली, तर चिरेने मासळीसारखं तोंड उघडलं.

"फापडली!" मेकॅनिक ओरडला, आणि आपण काय बोललो हे कळून लाजला.

नवरा इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा उचलला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊ वाजता दवाखान्यात. कवळी घरी ठेवून."

सोमवारी सासरे खुर्चीत बसले. सुनेने दिवा जवळ ओढला आणि चार वर्षांत पहिल्यांदा दात सोडून तोंड बघितलं. इतके दिवस आपण आपल्याच हातच्या कामाचं कौतुक करत होतो, हे त्यांना फार लागलं. डाव्या गालाला आतून नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"अंदाजाने सांगणार नाही. तुकडा तपासायला पाठवू."

नवी नळी गुरुवारी बसली. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. तो आणायला दोघं लाल गाडीतूनच निघाले. वाटेत सात सिग्नल लागले. सातही ठिकाणी गाडी शांत उभी राहिली, पण कौतुक करायचं कुणालाच सुचलं नाही. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून परीक्षेला निघाल्यासारखे बसले होते.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी त्यांनी गाडीतच थांबायचं ठरवलं. बाई किल्ली तशीच सोडून घाईघाईने आत गेल्या, पाकीट घेऊन आल्या, सीटवर बसल्या, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पहिलं पुन्हा वाचलं.

"बोल गं."

"वाईट काही नाही. नुसती कातडी जाड झालीये. चिरूट बंद झाला की जाईल." त्यांनी कागद पाकिटात परत घातले. "खरोखर बंद झाला की, बाबा."

"बंद," सासरे म्हणाले. "तुझी शपथ वगैरे घेत नाही. पण बंद. आणि दर महिन्याला ते आतलं बघत जा. मला लाज वाटली तरी."

"बघेन."

"चल मग घरी. भूक लागली."

बाईंनी डोळे पुसले, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली. बॉनेटखालून असा काही कर्कश आवाज आला की फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठला.

"अगं, चालूच आहे ती!" सासरे ओरडले.

"मला काय माहीत! आवाजच नाही!"

"मग काय, तिने शिट्टी मारून सांगायचं?"

त्यावर दोघंही जे हसत सुटले, ते वॉचमन येऊन काचेतून वाकून बघेपर्यंत थांबले नाहीत.