चिंतामणने मला मोज्यात कोंबलं

जुन्या इंदुरात एक चिंतामण राहत होता, त्याची बायको शैलजा राहत होती, त्याची म्हातारी आई द्वारकाबाई राहत होती, आणि कपाटाच्या खालच्या खणात, एका फाटक्या मोज्यात, मी राहत होते. मी जेलीची ट्यूब बोलतेय. खायची जेली नव्हे हो. अंगाच्या नाजूक जागी लावायची, पाण्यावर बनलेली, बिनवासाची, गुळगुळीत. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मध्येच थांबणं मला खपत नाही.

माणसाच्या जातीवर माझा राग आहे. का, ते ऐका.

जन्म माझा कारखान्यातला. पोट भरलं, शेपटी दाबून बंद केली, तोंडावर झाकण बसवलं आणि खोक्यात एक घडीचा कागद टाकला. कसं वापरायचं ते सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो उलगडून वाचणारा माणूस लाखात एखादा.

मग इंदुरातल्याच पलासिया भागात औषधांच्या दुकानात फळीवर बसले. जुलाबाच्या गोळ्या चारचौघांत ओरडून मागतात लोक. माझी वेळ आली की पेपरात गुंडाळा, वर काळी थैली! जशी काही मी कुणाचा खून करून आलेय. चिंतामणने आधी कापूस घेतला, तापाच्या गोळ्या घेतल्या, दंतमंजन घेतलं. गिऱ्हाईक सगळं पांगल्यावर पुटपुटला.

"क्या चाहिए भिया, ज़ोर से बोलो!"

"वो... जेली. चिकनी वाली."

"अच्छा, वो!" दुकानदार हसला. चिंतामणचे कान टोमॅटोसारखे झाले.

हा चिंतामण सेहेचाळीस वर्षांचा, विम्याच्या ऑफिसात बाबू. ह्याचे पणजोबा दरबारच्या दफ्तरात कारकून. एकमेकांना चिकटलेले पातळ कागद सुटे करायला ते उजव्या तर्जनीचं नख वाढवायचे. दरबार गेला, दफ्तर गेलं, नख राहिलं. थोरल्या मुलाने ते नख राखायचं ही ह्या घराची रीत. जेवताना वरणात बुडायचं मेलं, पण कापायचं कुणी नाव काढत नसे.

ह्याला हवं काय होतं, तेही सांगते, सरळ सांगते. पुरुषाच्या पोटात, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी ग्रंथी असते. प्रोस्टेट म्हणतात तिला. मागच्या वाटेने बोटभर आत, पोटाच्या बाजूला, ती हाताला लागते. हळूच दाबली तर कित्येकांना सुख होतं. कित्येकांना काहीच होत नाही, त्यांचंही काही अडत नाही. चिंतामणने फोनवर हे वाचलं आणि त्याला करून बघावंसं वाटलं. ह्यात पाप नाही. असं वाटलं म्हणून माणूस वेगळाच कुणी होत नाही. पण एवढी गोष्ट बायकोला सांगायची छाती नव्हती, म्हणून मला कोंबलं मोज्यात. चार महिने! गुदमरून मेले असते मी.

मध्ये एकदा द्वारकाबाईंच्या हाती लागले. म्हातारीने मला उघडून देवघराच्या दाराच्या बिजागरीला लावलं. "बघ गं शैला, कसं गप्प झालं!" मी पाण्याची, दोन दिवसांत वाळले. दार परत बोंबलायला लागलं. "आजकालच्या औषधात दम नाही," म्हणत तिने मला होते तिथे परत ठेवलं. औषध मोज्यात का, हे मात्र विचारलं नाही.

एका रविवारी शैलजा भाजीला गेली आणि ह्याने न्हाणीघराला कडी लावली. मला घ्यायला पाहिजे होतं की नाही? पण कपाटापाशी आई कपड्यांच्या घड्या करत बसलेली. तेवढा धीर कुठला! साबणाचा फेस घेतला. साबण, जो आतल्या कातडीला झोंबतो! आणि बोट कुठलं? तेच, पणजोबांच्या नखाचं. त्यात बाहेरून आई ओरडली, "चिंतू, मोटर बंद कर रे, टाकी वाहतेय!" हा दचकला. नख लागलं. रक्त आलं.

ह्यानंतर शहाण्याने काय केलं असतं? हा गप्प बसला. आठ दिवस. चालताना पाय फेंगडे, खुर्चीत बसताना तोंड कडू, आणि विचारलं की "काही नाही."

शैलजाने पहिल्याच रात्री पायजम्यावरचा डाग पाहिला होता आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तिचे सासरे बाबूराव अकरा वर्षांपूर्वी ह्याच ग्रंथीच्या कॅन्सरने गेले होते. त्यांनीही वर्षभर रक्त लपवलं होतं. शेवटचे महिने त्यांचं सगळं शैलजानेच केलं. तेव्हापासून त्या घरात त्या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे, आणि चिंतामणने भीतीपोटी एकदासुद्धा तपासून घेतलं नव्हतं.

आठव्या दिवशी, रिपोर्ट लपवलेत का म्हणून तिने कपाट उपसलं. रिपोर्ट नव्हते. मी होते.

"हे कुठल्या डॉक्टरने दिलं? कधीपासून चाललंय?"

"काही नाही गं."

"बाबाही हेच म्हणायचे. काही नाही, काही नाही. मी पुन्हा ते बघणार नाही, सांगून ठेवते. खरं बोला, नाहीतर आत्ता आईंना हाक मारते."

आईचं नाव निघालं तशी चिंतामणची जीभ सुटली. सगळं सांगितलं, भिंतीकडे बघून. शैलजाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातातला मोजा, आत मी, तिने त्याच्या पाठीत हाणला. एकदा नाही, तीनदा.

"आठ दिवस मी देवाशी भांडतेय! कुंकू पुसलं जातंय का म्हणून रात्रंदिवस जळतेय! आणि तुम्ही? नखाने?"

"तू हसशील असं वाटलं."

"हसेन ना, चांगली पोट धरून हसेन. आधी डॉक्टर."

डॉक्टर संहिता नागपूरकडच्या. माणसांत मला आवडलेली ही एकटीच, कारण तिचं तोंड माझ्यासारखंच फटकळ. तिने तपासलं आणि ह्याचा हात धरून विचारलं, "हे नख काय आहे?"

"घराण्याची रीत आहे, मॅडम."

"घराण्याला सांगा, आतली कातडी म्हणजे दफ्तरातला कागद नव्हे. थोडं फाटलंय, भरेल. तीन आठवडे तिकडे बोटही न्यायचं नाही. पुढे करायचंच असेल तर नखं मुळापासून कापा, हातमोजा घाला, जेली लावा, वाटते त्याच्या दुप्पट. कुशीवर पडा, श्वास सोडा, अंग सैल झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुखलं की थांबा. बधिर करणारं मलम लावू नका, दुखतंय हे कळलं पाहिजे ना! बुडाशी रुंद कड नसलेली कुठलीही वस्तू आत घालायची नाही. आत ओढली जाते, मग माझ्याकडे येता रडत. ताप, लघवीला जळजळ, मूळव्याध असेल तर आधी मला विचारा." एवढं बोलून तिने चष्मा काढला. "आणि वडिलांना काय झालं होतं?"

चिंतामण नख न्याहाळत बसला. शैलजाने सांगितलं.

"मग अकरा वर्षं काय करत होतात? जखम भरू द्या, मग त्या कॅन्सरसाठी रक्त तपासायचं. त्याच्या आधी दोन-तीन दिवस ग्रंथीला हात लावायचा नाही, रक्तातला आकडा फसवा येतो."

त्या रात्री नख कापलं गेलं. सकाळी द्वारकाबाई म्हणाल्या, "चिंतू, नख कुठे गेलं?"

"दारात सापडलं, आई."

"दारात नख सापडलं तर बोट असं राहतं होय? जाऊ दे. मलाही ते वरणात बघवत नव्हतं."

तीन आठवडे त्या घरात कुणाला घास गोड लागला नाही. चिंतामण ऑफिसातून आला की विम्याचे कागद काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. शैलजा जागी असायची आणि झोपल्याचं सोंग करायची. मला सगळं दिसत होतं, ट्यूबला डोळे नसतात असं समजू नका. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. पण बाबूरावांनी एक शब्द तोंडातून काढला असता तर हा मुलगा असा भ्यायला नसता, एवढं माझ्याही लक्षात आलं.

जखम भरल्यावर रक्त दिलं, रिपोर्ट दुपारी आला. शैलजाने उभ्याउभ्या वाचला, दोनदा वाचला, आणि सासूला हाक मारली. द्वारकाबाई धावत आल्या. त्यांना अक्षर येत नाही, सुनेच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "माझ्या चिंतूला ते नाही ना?"

"नाही, आई. काही नाही. ह्या वेळी खरंच काही नाही."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. अकरा वर्षांत नवऱ्याचं नाव तिने घेतलं नव्हतं, ते घेतलं. मग दूध तापवलं, रवा भाजायला घेतला.

त्यानंतर मी कामाला आले. शैलजाने तो घडीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. मला गहिवरून आलं, पण मी दाखवलं नाही. पहिल्यांदा जमलंच नाही, हसण्यातच वेळ गेला. दुसऱ्यांदा दुखलं, दोघं थांबली. तिसऱ्यांदा काय झालं ते नवराबायकोचं आहे, तुम्ही कान टवकारू नका. दोघांनी हात साबणाने स्वच्छ धुतले, एवढं सांगते.

आता मी रिकामी. शेपटीपासून मानेपर्यंत गुंडाळलेली, शेवटचा थेंबही पिळून घेतलेला. सकाळी कचरागाडी येईल आणि मला सुक्या कचऱ्यात टाकतील. जाते. जाताना तुम्हाला हात जोडते, तेही रागानेच: जे करायचं ते माहिती घेऊन करा, सावकाश करा, आणि रक्त दिसलं तर बोला. लपवणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

पलीकडच्या खोलीत दोघं पुन्हा हसताहेत. बाहेर द्वारकाबाईंनी टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा केलाय, आणि एकट्याच गालात हसत दुसरी वाटी शिरा खाताहेत.