चार नंबरचा डोळा

बरण्यांची झाकणं ठोकणाऱ्या चार नंबरच्या प्रेसचा डोळा वसंतातच फुटला. माणसाचा हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा तो डोळा. फिटरने डोळा वगळून थेट तार जोडून प्रेस चालू केली आणि म्हणाला, "नवा मागवलाय." शरदात घरोघरी ल्युतेनित्सा, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायची मिरच्यांची चटणी, शिजायला लागली, गावभर भाजलेल्या मिरच्यांचा वास, झाकणांची मागणी दुप्पट झाली. डोळा काही आला नाही.

आली ती कार्डं. थेट सोफियाच्या मुख्य कचेरीतून. दर आठवड्याला प्रत्येकाने आपलं नाव न लिहिता शेजाऱ्याच्या वागणुकीचं कार्ड भरायचं. हातमोजे घातले का, केस बांधले का, हात यंत्रात घातला का. चौदा रकाने, सगळे माणसाचे. यंत्राला एकही नाही. यंत्र सोवळं!

शेजारच्या प्रेसवरच्या त्सोंकाने कार्डाच्या तळाशी लिहिलं, 'चारचा डोळा फुटलाय.' सुरक्षा अधिकारी रादोस्तिनने ते परत केलं.

"त्सोंकामावशी, ही वागणूक नाही गं. हे दुरुस्तीवाल्यांचं काम."

दुरुस्तीवाले म्हणाले, "मागवलाय." तिने संतापून ते कार्ड घरी चुलीत घातलं.

मग तिने डोकं चालवलं. चारवर वितान होता, पंधरा वर्षांपासूनचा तिचा सोबती. झाकण अडकलं की तो हात घालून काढायचा. प्रेस थांबवून पुन्हा चालू करायला सात मिनिटं, आणि पाळीचा आकडा त्या सात मिनिटांसाठी कुणी कमी करत नाही. तिने 'हात यंत्रात घातला' यावर खूण केली. तीन आठवडे, तीन कार्डं. कुणीतरी विचारेलच ना, का घालतो म्हणून?

कुणी विचारलं नाही. वितानला खुर्चीत बसवून चित्रफीत दाखवली, सही घेतली. पुढच्या गुरुवारी त्याची तीन बोटं गेली.

चौकशीत रादोस्तिनने तिचीच कार्डं टेबलावर मांडली. "समज दिली होती, सही आहे. निष्काळजीपणा त्याचाच. भरपाई कापणार."

"अरे मेल्या, मी यंत्रासाठी लिहिलं होतं!"

"कुठे लिहिलंय तसं?"

कुठेच नव्हतं. लिहिलेलं एकच, तेही चुलीत.

रविवारी ती दवाखान्यात गेली. वितानचा हात म्हणजे पांढरं गाठोडं.

"ये गं. बरणी आणलीस? आणि उघडणार कोण, तुझा बाप?" तो हसला. "ती कार्डं कुणी लिहिली? तू सगळ्यांचं अक्षर ओळखतेस. त्या हलकटाचं नाव सांग."

"मी."

त्याने तो हात चादरीखाली घेतला.

"चारवर आता कोण?"

"मीच. उद्यापासून."

"डोळा?"

"मागवलाय."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बरणी तशीच राहिली.

सोमवारी नवाच्या सुमाराला झाकण अडकलं. पाठीमागे कुणीतरी कार्ड घेऊन उभं होतं. त्सोंकाने वळूनही पाहिलं नाही. तिने हात घातला.