प्रायव्हसीला मराठीत काय म्हणतात

खोली नंबर अठ्ठावीसचा उंबरठा मधोमध जवळजवळ एक सेंटिमीटर झिजला होता. दाराच्या आतल्या कडीवर मात्र झिजेची खूण नव्हती. दोन्ही एकाच वर्षी बसवलेली. यातून निघायचा तो निष्कर्ष सुचित्राने फार पूर्वीच काढला होता: लालबागच्या या चाळीत दार येण्याजाण्यासाठी असतं, लावण्यासाठी नव्हे. झोपताना तेवढी कडी लागे. दिवसा दारावर पडदा असायचा, आणि तो बाजूला सारायला कुणी परवानगी मागत नसे.

त्या रविवारी दुपारी तीन वाजता सुचित्राने कडी लावली. गॅलरीतली खिडकीही लावून घेतली.

तिला एका तासात दोन कामं उरकायची होती. परळच्या ज्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची, तिथल्या पेशंटांसाठी एक पत्रक मराठीत करायचं होतं. सगळं झालं होतं, फक्त ‘प्रायव्हसी’ अडली होती. दुसरं काम त्याहून अवघड. तिची मैत्रीण किर्ती चार वाजता फोन करणार होती. किर्तीच्या मावशीची माझगावची एक खोली रिकामी होती. चार महिने किर्ती विचारत होती आणि चार महिने सुचित्रा ‘सांगते’ म्हणत होती. आज शेवटचं हो किंवा नाही. ‘हो’ म्हणायचं तर आधी आईला सांगायला हवं होतं, आणि आईला सांगायचं म्हटलं की सुचित्राला कपडे वाळत घालायची आठवण व्हायची.

एक्केचाळीस वर्षं ती आईच्या शेजारी झोपत आली होती. पलीकडे भाऊ दिनेश, त्याची बायको शांती आणि त्यांची मुलगी ओवी. आज ते तिघं विरारला गेले होते आणि आई तळमजल्यावर मनूताईंकडे सत्यनारायणाला. एवढं रिकामं घर सुचित्राने शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

तिने वही उघडली. शब्दांचा तक्ता तयारच होता. ‘गोपनीयता’ हा शब्द वाचून पेशंटला आपल्यावर केस झाल्यासारखं वाटे. ‘एकांत’ म्हटलं की लॅबमधल्या मुली हसत. ‘खासगीपणा’ तिने पाच पेशंटांना वाचून दाखवला, तर तिघांनी विचारलं, “म्हणजे आम्हाला खासगी हॉस्पिटलात पाठवताय का?”

गुरुवारी तिने समोरच्या खोलीतल्या शरच्चंद्र सरांना गाठलं होतं. सर निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांनी जाडजूड कोश गॅलरीच्या कठड्यावर उघडला आणि चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मूळ लॅटिन. अर्थ, वेगळं काढलेलं. हिरावून घेणं या अर्थाचा इंग्रजी ‘डिप्राइव्ह’ याच घराण्यातला. म्हणजे बघ, जो चार माणसांतून बाजूला झाला, त्याचं काहीतरी गेलं असं रोमन लोक समजायचे.”

“आपल्या चाळीतलेच म्हणायचे,” सुचित्रा पुटपुटली.

“ग्रीकांनी तर कमालच केली. सार्वजनिक कामात नसलेल्या खासगी माणसाला त्यांचा जो शब्द होता ना, त्याचाच पुढे इंग्रजीत ‘इडियट’ झाला!”

सुचित्राने ते वहीत टिपून घेतलं होतं. माझगावच्या खोलीबद्दल चाळ काय म्हणेल याचा अंदाज त्यातून येत होता.

तीन वाजून सदतीस मिनिटांनी दारावर थाप पडली.

“सुचित्रा! दार कित्याक लावलंस गो?” शेजारचे गुणाजीकाका. तीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे.

तिने उत्तर दिलं नाही. आज एक तास उत्तर द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. प्रयोग म्हणून हे ठीक होतं, पण दाराबाहेरच्या माणसांना प्रयोगाची कल्पना द्यायची राहून गेली होती.

“बोलत नाय!” काका गरजले. “दुपारचा दार बंद, आणि पोर बोलत नाय!”

मग चपलांचे आवाज वाढत गेले. कुणी म्हणालं, सकाळी ती गप्पच होती. कुणी म्हणालं, ती नेहमीच गप्प असते. शरच्चंद्र सरांचा आवाज आला, “गुरुवारी एकटेपणाबद्दल विचारत होती हो माझ्याकडे!” त्यावर बाहेर एकदम पळापळ झाली.

“म्हातारीक बोलवा! पहार आणा! मंडळाची शिडी खंय आसा?”

आता मात्र सुचित्रा घाईने उठली. “काका, मी ठीक आहे!” ती ओरडली, पण तिला ओरडायची सवय नव्हती. शिडी कठड्याला घासत आली, भिंतीला टेकली आणि दारावरच्या झरोक्यात गुणाजीकाकांचा घामेजलेला चेहरा उगवला.

“जिती आसा!” त्यांनी खाली जाहीर केलं. “वही घेऊन उभी आसा!”

पण तोवर पहारवाल्याने आपलं काम केलं होतं. कडीचा कोयंडा चौकटीतून निघून सुचित्राच्या पायाशी येऊन पडला आणि दार सताड उघडलं.

बाहेर अठरा माणसं होती. सुचित्राने सवयीने मोजली. सगळ्यांत पुढे आई, रखमा, हातात प्रसादाचा द्रोण तसाच.

“काय करत होतीस गं?” आईने उंबरठ्यावरूनच विचारलं.

“काम. एका शब्दाला मराठी शब्द शोधत होते.”

“दार लावून?”

“कुठला शब्द?” मागून कुणीतरी.

“प्रायव्हसी.”

एवढं ऐकलं आणि अठराही जणांची भीती पळाली. “स्वतंत्रपणा लिही!” “छे, मोकळीक!” “अगं, प्रायव्हसीच लिही, सगळ्यांना कळतं.” शिडीवरून काका म्हणाले, “आमच्याकडे असली वस्तूच नाय, तर शब्द खंयसून येतलो?”

रखमा आत येऊन खाटेवर टेकली. द्रोण बाजूला ठेवला.

“आडोसा,” ती म्हणाली.

“काय?”

“आडोसा लिही. मी लग्न होऊन आले तेव्हा या खोलीत नऊ माणसं होती. त्या खुंटीपासून या खुंटीपर्यंत दोरी, दोरीवर सासूबाईंचं जुनं लुगडं. त्याच्यामागे लुगडं बदलायचं, त्याच्यामागेच रडायचं. तुझ्या लॅबातल्या बायका सुया टोचून घेताना दुसरं काय मागतात?”

सुचित्राने वहीत लिहिलं: ‘आपल्या आडोशाचा मान राखला जाईल.’ पुन्हा वाचलं. तक्त्यात आक्षेपाचा रकाना होता. तो रिकामा राहिला. लुगड्याची ती दोरी कधी निघाली हे तिने आईला आजवर विचारलं नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. चार. घाईत तिचं बोट भलतीकडे पडलं आणि किर्तीचा आवाज खोलीभर झाला, “बोल गं बाई! हो की नाही? मावशी शेजारीच बसलीय.”

“कसलं हो की नाही?” रखमाने विचारलं.

दार लावून आईला हळूच सांगता आलं असतं. पण कडीचा कोयंडा पायाशी पडला होता, शिडीवर काका होते, आणि दारात बाकीची माणसं कान देऊन होती. सुचित्राने आईकडे पाहिलं. आई भिंतीतल्या त्या जुन्या खुंटीकडे बघत होती.

“हो,” सुचित्रा म्हणाली, आणि काकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुढचं सांगितलं, “आई, मी माझगावला खोली घेतेय. एकटीसाठी.”