जोडीनं दालातला

"लाय, या महिन्यात दालातला जाऊन येऊ या का?" माझा नवरा खियेम सकाळी सकाळी असं म्हणाला, तेव्हा मी नूडलच्या रश्शात हाडं सोडत होते. डाव हातातच राहिला.

सव्वीस वर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते. आमच्या विन्लाँगमध्ये बारा महिने घामाच्या धारा. एकदा, आयुष्यात एकदा, डोंगरावरच्या त्या गार दालात गावात स्वेटर घालून, तोंडातून वाफा सोडत फिरायचं होतं मला. दुसरं काही मागितलं असेल तर शपथ! आणि सव्वीस वर्षं याचं एकच उत्तर. म्हणे दालातला जोडीनं गेलं की जोडी फुटते. आता प्रेमात पडलेली पोरं हे मानतात, त्यांचं मी समजू शकते. लग्न झालेल्यांना काय त्याचं? पण हा मानायचा. हा सगळंच मानायचा. चांद्र महिन्याच्या सप्तमीला लांबच्या प्रवासाला निघायचं नाही. तिघांनी मिळून फोटो काढायचा नाही. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक नुसतं भाव करून गेलं, की हा आमच्या नूडलच्या दुकानाच्या दारात कागद पेटवून ओवाळणार आणि मगच दुरुस्तीला आलेल्या बोटीच्या इंजिनाला हात लावणार.

"काय हो, ताप-बिप आलाय का?" मी विचारलं.

"तुलाच जायचं होतं ना? मग चल की."

मला कोण आनंद झाला! डाव तसाच टाकून सायगावला क्वेनला फोन लावला. क्वेन आमची एकुलती एक लेक, तिथं बुटांच्या कारखान्यात आहे.

"बाबा स्वतःहून म्हणाले? आई, नीट बघ, तेच आहेत ना? की कुणी बदलून नेले?"

"गप गं. बस बघ, खोली बघ. खिडकीतून पाइनची झाडं दिसली पाहिजेत हं."

दोन रात्री आणि तीन दिवस. मी वहीत लिहूनच काढलं. पहिल्या दिवशी तळ्याभोवती चालायचं. दुसऱ्या दिवशी दोरावरच्या पाळण्यातून जंगल बघायचं, मग फुलांची बाग. संध्याकाळी बाजाराच्या पायऱ्यांवर बसून ऊन ऊन सोया दूध आणि निखाऱ्यावर भाजलेला तांदळाचा पापड. तिसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरी घ्यायच्या, आर्टिचोकच्या फुलांचा चहा घ्यायचा, गल्लीत वाटायला.

शेजारच्या साउ मावशीला घेऊन जुन्या कपड्यांच्या ढिगातून दोन स्वेटर उपसून आणले. तिच्या कानावर गेलं की गल्लीत भोंगा वाजलाच म्हणून समजा. येताना ती आमच्या दारातच थांबली आणि खियेमसमोर मला म्हणाली, "जपून गं बाई! तिथं भल्या भल्या जोड्या फुटतात."

"आमची काय फुटतेय मावशी? गंजून चिकटलीय कधीच."

मावशी पोट धरून हसली. खियेम हसला नाही. तो इंजिनाचा पंखा पुसत होता, तो पुसतच राहिला. मी म्हटलं, कामात असेल.

दोन दिवसांनी क्वेनचा फोन आला. "आई, बसमध्ये जागा आहेत त्या सप्तमीच्याच. बाबा काही ऐकायचे नाहीत. पुढच्या आठवड्याच्या बघू?"

मी त्याला तसंच विचारलं. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "काढू दे की सप्तमीची. त्यात काय."

त्यात काय? हा माणूस सप्तमीला कधी नदीपलीकडे माझ्या माहेरी आला नाही. माझे वडील गेले तेव्हासुद्धा अष्टमी उजाडेपर्यंत थांबला होता, आणि त्यावरून मी महिनाभर बोलले नव्हते. मी स्वेटर त्याच्यापुढे धरला. "घालून तर बघा, बसतोय का."

"बसेल."

"आणि खोली? क्वेन विचारतेय."

"दोन पलंगांची बघ म्हणावं. जमलं तर."

त्या दिवशी दुपारी रस्सा संपला, शेवटचं गिऱ्हाईक गेलं, आणि मी हात पुसून त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याच्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला.

"आता खरं काय ते सांगा."

तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत म्हणाला, "बेनत्रे गावात एक बाई आहे. तिच्या भावाच्या बोटी मी दुरुस्त करतो. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. म्हणजे क्वेनला कारखान्यात सोडायला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हाही. मला आरडाओरडा करता येईना.

"मी आता तिकडेच राहणार आहे, लाय."

"मग मला दालातला कशाला नेत होतात?"

"म्हटलं, जाऊन येऊ. नंतर वेगळे झालो तर लोक म्हणतील, दालातला गेले होते, व्हायचंच होतं. तुला कुणी बोल लावणार नाही." त्यानं पाना पुन्हा हातात घेतला. "मलाही नाही."

म्हणून सप्तमी! एक अपशकुन कमी पडायला नको. लोकांच्या तोंडाला दोन कारणं.

मला ते तीन दिवस दिसले. मी वेड्यासारखी हसत तळ्याभोवती फिरतेय, हा माझे फोटो काढतोय, सोया दुधाचा पेला माझ्या हातात देतोय. आणि महिन्याभरानं हा गेला असता, तर मी कुणाला दोष दिला असता? याला नाही. मी स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या. सव्वीस वर्षं हा नको म्हणत होता, मीच हट्ट केला, मीच माझं घर मोडलं, असं म्हणत मरेपर्यंत ऊर बडवला असता. आणि हा ते बेनत्रेला बसून ऐकणार होता.

"बाई ठेवलीस ते ठेवलीस," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे करत होते. "पण हे खापर माझ्या डोक्यावर फोडणार होतास? माझ्याच हातानं? अरे, एवढा कसा रे भेकड तू?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्याचं नाव काढू नकोस!"

आवाज बाहेर गेलाच असणार, कारण साउ मावशी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी. "काय गं, निघायच्या आधीच भांडताय? झाली का बांधाबांध?"

खियेमनं माझ्याकडे पाहिलं. मान हळूच हलवली, नको म्हणून. त्याचे डोळे अगदी काकुळतीला आले होते, आणि खरं सांगते, क्षणभर मला त्याची दयाही आली. सव्वीस वर्षांची सवय. हो म्हणाले असते, तर माझीही अब्रू झाकली असती.

मी उठून दारात गेले आणि गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आम्ही कुठंही जात नाही, मावशी. खियेम मला सोडून चाललाय. बेनत्रेला त्याची बाई आहे."

मावशीचा आ वासला. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दालातला न जाताच?"

"न जाताच," मी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं.